पाय सुजला, मान धरली

"आईंचा पाय ना? तासाभरात चप्पल घालून फिरवतो!" जावईबापूंनी छाती काढून सांगितलं.

जावईबापू म्हणजे हाताने उपचार करणारे ऑस्टिओपॅथ. शिक्षण झालं, लग्न झालं, फक्त दवाखाना व्हायचा राहिला होता. आणि सासऱ्यांची पुढची खोली रिकामी होती! पण सासरे जन्मभर कोर्टात कारकून. पुरावा असल्याशिवाय साखरसुद्धा गोड मानायचे नाहीत. "हिच्या घोट्याची सूज उतरवा, खोली तुमची," एवढं बोलून ते दाढी करायला गेले.

सासूबाई पलंगावर आडव्या झाल्या. मुरगळलेला पाय उशीवर. जावईबापूंनी हात चोळून गरम केले आणि थेट गळ्यापाशी ठेवले!

"अहो, पाय तिकडे खाली आहे."

"माहीत आहे, आई. सूज म्हणजे साचलेलं पाणी. ते लसिकेच्या बारीक वाहिन्यांतून वर चढतं आणि इथे, गळ्याखालच्या हाडामागे, रक्तात मिसळतं. आधी इथली वाट मोकळी करायची, मग पाय. मोरी तुंबलेली असताना बादली ओतून काय उपयोग?"

"म्हणजे माझ्या गळ्यात मोरी?"

"तसं नव्हे हो!"

"बरं, मग दाबा तरी नीट. माशी बसल्यासारखं वाटतंय."

"एवढाच दाब लागतो. जोर केला तर वाहिन्याच मिटतात."

बघता बघता सासूबाईंचा डोळा लागला. तोंड उघडं, एक हात पलंगावरून खाली लोंबतोय. जावईबापू मनात दवाखान्याची पाटी रंगवत होते, तेवढ्यात सासरे अर्ध्या गालावर फेस घेऊन पुरावा बघायला आले. दिसलं काय? बायकोचा गळा आणि जावयाचे दोन्ही हात!

"एका खोलीसाठी?" ते किंचाळले. "एका खोलीसाठी जीव घेतलात तिचा?"

"बाबा, झोपल्यात त्या!"

"कोर्टात सगळे हेच सांगायचे!"

सासऱ्यांनी कॉलर धरली, स्टूल आडवं झालं, फेस जावयाच्या शर्टाला लागला.

"काय हा आरडाओरडा!" सासूबाई ताडकन उठून बसल्या. "किती वर्षांनी झोप लागली होती!"

सासरे मटकन खालीच बसले. डोळे भरून आले होते. "आहेस ना गं?"

"आहे. तोंड धुऊन या आधी."

घोटा तसाच टम्म. "अजून पायापर्यंत पोचलोच नव्हतो," जावईबापू पुटपुटले.

"पायाचं राहू द्या हो. खोलीचं बोला," सासूबाई म्हणाल्या. जावईबापूंच्या जिवात जीव आला. "काय हात आहे तुमचा! झोप म्हणजे काय ते आज कळलं. आता यांच्या घोरण्याशेजारी मी काही झोपायची नाही. आजपासून माझा पलंग पुढच्या खोलीत! जावईबापू, ते टोक धरा बरं."

धरलं बिचाऱ्यांनी!