डोक्याप्रमाणे वाटा

मुलगी संस्कृती हिच्या परीक्षेआधी तिची लॅटिन शब्दांची वही हातात धरायची आणि तिला प्रश्न विचारायचे, एवढंच मी कबूल केलं होतं. ती घरून जाऊन-येऊन नगरला वकिलीच्या पहिल्या वर्षाला आहे. (जिल्ह्याचं नाव बदललं, पण माझ्या तोंडातून नगर काही जात नाही.) चार दिवस मी विचारत होतो आणि ती मोबाईल बघत होती. शेवटी पाठ झालं ते मला. हेरेस म्हणजे वारस. पेर कापिता म्हणजे डोक्याप्रमाणे वाटा. पेर स्तिर्पेस म्हणजे घराण्याच्या शाखेप्रमाणे वाटा. डाम्नोसा हेरेदितास म्हणजे मिळण्यापेक्षा न मिळालेला बरा असा वारसा. राहुरीच्या एका शाळेत एकवीस वर्षं दाखल्यांवर शिक्के मारणाऱ्या माणसाला विद्या अशी आयती मिळाली, की ती पोटात राहत नाही.

माझी ही विद्या बाहेर पडली कोल्हारला, माझ्या आईच्या घरी.

दादा, म्हणजे माझे वडील, जाऊन वर्ष झालं होतं. मागे चार एकर रान, आणि वारस आम्ही चौघं: आई, दोघी बहिणी आणि मी. आमच्याकडची रीत अशी, की बहिणी माहेरी येतात, पुरणपोळी जेवतात, हक्कसोडपत्रावर सही करतात आणि साडी घेऊन सासरी जातात. मला चारही एकर हवे होते, उगाच का लपवू? निवृत्तीनंतर तिथे पेरूची बाग लावायची, म्हणून मी दहा वर्षं शाळेतल्या साहेबांची बोलणी खात होतो.

कागद तयार होता. साड्या माझ्या बायकोने, रुपालीने, निवडून आणल्या होत्या. चार वाजता रजिस्टर ऑफिस गाठायचं होतं. जेवणं झाली आणि थोरली गोजरआक्का सुपारी कातरत म्हणाली, "कानिफ, ह्या कागदात काय लिव्हलंय रं?"

"काही नाही, नेहमीचंच," एवढं म्हणून गप्प बसायचं होतं. रुपाली डोळे वटारून तेच सांगत होती. पण चार दिवसांचं लॅटिन माझ्या घशाशी आलं होतं.

"आक्का, वाटणीच्या पद्धती दोन. पेर कापिता आणि पेर स्तिर्पेस."

"हे कोनाकडले पावने?" धाकटी रंगू म्हणाली.

"पाहुणे नाहीत गं. पेर कापिता म्हणजे जितकी डोकी, तितके सारखे वाटे."

"त्यात बायांचं डोकं बी धरत्यात?"

"धरतात की. आपल्याकडे कायदाच आहे तसा." (मला शाबासकी हवी होती. कुणाकडून, ते आजही सांगता येत नाही.)

आक्काचा अडकित्ता थांबला. "म्हंजी आईचं, तुजं, रंगूचं आनि माजं. चार डोकी, चार एकर."

स्वयंपाकघरात रुपालीने पातेलं आपटलं.

"सासरी जायच्या आदी नऊ वर्सं खुरपलंय मी त्या रानात," आक्का शांतपणे म्हणाली. "तू बांधावर झोळीत हुतास. पर डोक्याप्रमानं असतं, हे आजपातुर कुनी सांगितलंच न्हाई."

त्या झोळीला झोकाही तीच द्यायची, आणि ते आठवून मला खरोखर लाज वाटली.

आक्काशेजारी बसलेल्या आईने हक्कसोडपत्राची घडी घालून आपल्या उशीखाली ठेवली. "पोरींनो, सह्या करू नगा," ती म्हणाली. "येवढं शिकलंय माजं लेकरू, पर खरं आज पयल्यांदाच बोललं."

सह्या झाल्या नाहीत. साड्या मात्र दोघींनी नेल्या, रंग आवडले होते म्हणून. माझ्या वाट्याला एक एकर आला, तोही ओढ्याकडचा. त्यात पेरू येत नाहीत, असं आक्कानेच जाताना सांगितलं.

राहुरीला परतल्यावर रुपाली तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी संस्कृतीला परत द्यायला म्हणून मी ती वही उचलली. डाम्नोसा हेरेदितास, म्हणजे न मिळालेला बरा असा वारसा, यापुढे उदाहरणाची जागा रिकामी होती. आता तिथे रुपालीच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, "सासूबाईंनी पंचवीस वर्षांपूर्वी माझ्या पदरात टाकलेला."

खाली संस्कृतीने लाल पेनाने बरोबरची खूण केली होती.