माझं वांग आणि यांचा हात

मी शिट्टी वाजवली की दोनशे पोरं जागच्या जागी थांबतात, तिथे दोन गालांवरचं वांग म्हणजे काय हो! असं मी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांदेखत बोलून गेले. आणि बोललं की करून दाखवायचं, ही माझी जुनी खोड आहे.

मी शाळेत कवायत आणि खेळ शिकवते. एकोणतीस वर्षं मैदानावर उन्हात उभी राहिले, त्याचं बक्षीस म्हणून दोन्ही गालांवर तपकिरी डाग मिळाले. मला त्यांचं काही वाटत नव्हतं. पण परदेशात राहणारी माझी चार वर्षांची नात एकदा व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "आजी, तुझ्या गालाला चॉकलेट लागलंय!" आणि फ्रॉकने स्क्रीन पुसायला लागली. पुसून पुसून जाईना, तशी पोर रडकुंडीला आली! मला इतकं वाईट वाटलं की मी तिथेच ठरवलं, आता स्वच्छ गाल घेऊनच हिच्यासमोर जायचं. तोवर व्हिडिओ कॉल बंद.

लेकीने तिकडे परदेशात, तिच्या गावातल्या त्वचेच्या एका मोठ्या दवाखान्यात नंबर लावला. सहा महिन्यांनंतरची तारीख मिळाली आणि सोबत दोन पानभर सूचना आल्या. शेवटचे दोन महिने ऊन वर्ज्य. दर दोन तासांनी सनस्क्रीन. घरगुती लेप बंद, जुनी मलमं बंद. आणि त्या दोन महिन्यांत दर पंधरा दिवसांनी खिडकीच्या उजेडात काढलेला चेहऱ्याचा फोटो पाठवायचा. त्वचा स्थिर दिसली तरच लेझर, नाहीतर तारीख रद्द!

"फोटोची काळजी सोड," आमचे हे म्हणाले. "मी कशाला आहे?"

यांचा स्वतःचा फोटो स्टुडिओ आहे. गावातली निम्मी लग्नं यांच्या हार्ड डिस्कमध्ये पडून आहेत. तेव्हा ते खातं मी डोळे मिटून यांच्याकडे सोपवलं. तिथेच माशी शिंकली, पण मला ती ऐकू आली नाही.

मी तयारीला लागले. दर दोन तासांनी शिट्टी वाजली की सनस्क्रीन! तेही असं फासायचे की पहिल्या दिवशी दूधवाला दारातून परत गेला. शाळेत टोपी, स्कार्फ, गॉगल आणि वर काळी छत्री अशा अवतारात व्हरांड्यातून कवायत घ्यायला लागले. मुख्याध्यापकांनी मला तपासणीला आलेली कोणी अधिकारी समजून खुर्ची दिली, चहा मागवला. मी चहा पिऊन घेतला.

पंधरा दिवसांनी यांनी पहिला फोटो काढला आणि परस्पर लेकीला पाठवला. पुढच्या खेपेला दुसरा गेला आणि लेकीचा फोन आला.

"आई, डॉक्टर खूश आहेत! म्हणाल्या, नुसतं ऊन टाळून तीस टक्के फिकट झालं!"

"शिस्त म्हणतात याला!" मी म्हणाले.

आरशात पाहिलं, तर डाग जिथल्या तिथे. आरसाच जुना झाला होता, त्याला तरी किती वर्षं झाली! नवा आणला. तोवर तिसरा फोटो गेला आणि सत्तर टक्के फिकट झाल्याचं कळलं. नव्या आरशातही डाग होते, म्हणून मी बाथरूमचा दिवा बदलला. तरीही दिसले, तेव्हा डोळे तपासून चष्म्याचा नंबर बदलून घेतला. आता डाग आधीपेक्षा स्पष्ट दिसायला लागले.

"अहो, तुम्हाला काय वाटतं?" मी यांना विचारलं.

"मला तर तू छानच दिसतेस," हे म्हणाले आणि घाईघाईने स्टुडिओत गेले.

निघायच्या आधी चौथा फोटोही गेला. परदेशात उतरलो तेव्हा पासपोर्ट तपासणाऱ्या साहेबाने पासपोर्टमधला फोटो पाहिला, मला पाहिलं, परत फोटो पाहिला. स्कार्फ काढायला लावला, चष्मा काढायला लावला. मग शेजारच्या साहेबाला बोलावलं. दोघांचं काहीतरी बोलणं झालं आणि ते माझ्या गालांकडे बघत राहिले. "यासाठीच आलेय बाबांनो!" असं मी दोन्ही गालांवर बोटं ठेवून तीनदा सांगितलं. पासपोर्टचा फोटोही यांनीच काढलेला. यांच्याकडे पाहिलं, तर हे छताचे दिवे मोजत होते.

बाहेर लेक उभी होती. मला पाहून तिचा चेहरा पडला.

"आई, हे काय? फोटोत तर गेलं होतं!"

आणि नात माझ्या गालावर बोट फिरवून म्हणाली, "चॉकलेट आहेच की अजून."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी समोरच्या मोठ्या पडद्यावर माझे चार फोटो ओळीने लावले. शेवटच्या फोटोतली मी अशी गुळगुळीत होते की मलाच मत्सर वाटला! बाईंनी पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि त्यांच्या हातातलं भिंग खाली आलं. लगबगीने आणखी दोन डॉक्टरांना बोलावणं गेलं. तिघं मिळून माझा गाल तपासायला लागले. लेक त्यांचं बोलणं भराभर मराठीत सांगत होती.

"आई, त्या विचारतायत, गेल्या दहा दिवसांत काय लावलंस?"

"काही नाही!"

"विमानात काय खाल्लंस?"

"देतील ते!"

"त्या म्हणतायत, इतक्या झपाट्याने गेलेलं वांग इतक्या झपाट्याने परत आलेलं त्यांनी कधी पाहिलं नाही. त्वचा अजिबात स्थिर नाही, लेझर करता येणार नाही. तारीख रद्द करावी लागेल."

सहा महिने वाट पाहिली, दोन महिने छत्रीखाली काढले, आणि आता पुन्हा नातीसमोर हेच गाल घेऊन जायचं! डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

इतका वेळ हे कोपऱ्यात उभे राहून पडद्याकडे टक लावून पाहत होते. यांना राहवेना.

"तिसऱ्यात नाकाजवळ जरा जास्तच साफ झालंय," हे हळहळले. "मोठ्या पडद्यावर लगेच कळतं."

लेक गर्रकन यांच्याकडे वळली.

"बाबा!" लेक म्हणाली. "तुम्ही डाग पुसायला टचिंग केलंत?"

"थोडंसंच! एकदम सगळं काढलं तर खोटं दिसतं, म्हणून प्रत्येक फोटोत थोडं थोडं काढत गेलो."

"पण का?"

"का म्हणजे? बत्तीस वर्षांत एक चेहरा मी तसाच दुकानाबाहेर सोडलेला नाही! हा तर परदेशी जायचा होता!"

मी म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं माझे डाग तुम्हाला खुपत होते, असंच ना?"

"अगं, तुझे नाही, फोटोतले," हे कळवळून म्हणाले. "तू समोर असतेस तेव्हा मला काही दिसत नाही. फोटो समोर आला की हात आपोआप जातो."

यावर रागवावं की काय करावं ते मला कळेना, म्हणून मी दोन्ही केलं. लेकीने सगळं समजावून सांगितल्यावर डॉक्टरीणबाई खुर्चीत बसून हसायला लागल्या. त्यांनी स्वतः नवे फोटो काढले, त्वचा स्थिर असल्याचं लिहिलं आणि लेझर सुरू केलं. माझ्या फाइलवर मात्र लाल शाईने शेरा मारला, "पतीने काढलेल्या फोटोंची खात्री करून घ्यावी."

लेझरच्या तीन बैठका झाल्या. घरी परतलो आणि दोन महिन्यांत खरोखर फरक पडला. नव्या आरशात पडला, जुन्यातही पडला! नातीने व्हिडिओ कॉलवर स्क्रीन जवळ ओढून निरखून पाहिलं आणि विचारलं, "आजी, कुणी पुसलं?" मी शिट्टी वाजवून घर डोक्यावर घेतलं.

मग पुढच्या बैठकीआधी दवाखान्याला फोटो पाठवायचा होता. लेकीने बजावलं, "बाबा, हात लावायचा नाही!" मी शिट्टी तोंडात धरून यांच्या मागे उभी राहिले. यांनी फोटो काढला, उसासा टाकला आणि जन्मात पहिल्यांदा जसाच्या तसा पाठवला.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, "कृपया मूळ फोटो पाठवावा."

पुन्हा काढून पाठवला. पुन्हा तेच उत्तर! मूळ फोटो पटल्याशिवाय पुढची बैठक नाही म्हणे. मी संतापले, लेक समजावून थकली. हे मात्र शांतपणे कॉम्प्युटरसमोर जाऊन बसले.

"थोडे डाग टाकून देऊ का?" हळूच म्हणाले. "तुझेच आहेत. काढलेले सगळे मी जपून ठेवलेत."

मी दाराबाहेर कोणी नाही ना ते पाहिलं आणि म्हणाले, "डाव्या गालावर जरा जास्त टाका."

तासाभरात उत्तर आलं, "आता खरा फोटो मिळाला. पुढच्या बैठकीला या."