मधुभाऊंची दुसरी गाडी

आमचे शेजारी मधुभाऊ टवलारे गाडी चालवताना कोणालाही ओव्हरटेक करत नाहीत. पुढे बस असो, ट्रॅक्टर असो, की संत्र्यांनी भरलेली बैलगाडी. मागे कितीही भोंगे वाजू देत, मधुभाऊ ढिम्म. एकदा बडनेऱ्याच्या रस्त्यावर आम्ही एका वरातीच्या मागे सापडलो. मी म्हटलं, "भाऊ, बाजूनं जागा आहे."

"नवरदेवाच्या पुढं कसं जाव, सर? घाई कोनाले हाय?"

आणि वरातीमागोमाग आम्ही थेट मांडवापर्यंत गेलो. जेवूनच परत आलो.

"घाई कोनाले हाय?" हे त्यांचं नेहमीचं वाक्य. घरातला गॅस संपला तरी तेच, डॉक्टरनं मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख विचारली तरी तेच.

गाडी दुधी रंगाची जुनी फियाट. चांदूर बाजारकडची त्यांची संत्र्याची बाग पहिल्यांदा चांगली बहरली, त्या वर्षी घेतलेली. रोज सकाळी लुंगी खोचून ते तिला पुसतात. आधी ओलं फडकं, मग कोरडं, मग जुन्या धोतराचा मऊ तुकडा. पुसता पुसता बोलतात, "आज कबुतरानं लय घान केली व तुह्यावर." सुमनवहिनी होत्या तोवर ओट्यावरून ओरडायच्या, "माह्यासंग एवढं गोड बोलले काय कधी?" वहिनी गेल्या. मुलगी बंगळुरात असते, सणासुदीला येते. आता गाडी सकाळ-संध्याकाळ दोनदा पुसली जाते आणि ओट्यावरून कोणी ओरडत नाही.

गेल्या हिवाळ्यात ते पेपर नाचवत माझ्याकडे आले. जुन्या गाड्यांची शर्यत होती. अमरावती ते अकोला.

"सर, आपुन उतरून राह्यलो."

"तुम्ही? शर्यतीत?"

"काहून? तिनं काय पाप केलं?"

मेकॅनिकनं मात्र मान हलवली. हळूहळू चालवाल तर म्हातारी अजून खूप वर्षं चालेल, पण अकोल्यापर्यंत जोरात दामटली तर इंजिनाचा भरवसा नाही, आणि सुटे भाग आता मिळत नाहीत, असं तो म्हणाला. झालं! मधुभाऊंची झोप उडाली. सकाळी फाटकाशी भेटले की म्हणत, "पळवतोच. लोकं रस्त्यावर उभे राहून पाह्यतीन तिले." संध्याकाळी तेच मधुभाऊ पडलेल्या चेहऱ्यानं विचारत, "अन् मूर्तिजापूरच्या फाट्यावर तिचा जीव गेला तं?"

एके दिवशी त्यांनी मला हाताला धरून पार कोपऱ्यावर नेलं आणि कानात सांगितलं, "बार्शीटाकळीले अशीच एक गाडी विकाले हाय. ते घेतो, तिले शर्यतीत पळवतो. हे घरी राहीन."

"मग इथं कशाला आणलंत मला?"

"तिच्यासमोर कसं बोलाव?"

रविवारी तिच्यातच बसून आम्ही तिची सवत पाहायला गेलो.

बार्शीटाकळीत शेषराव गावंड्यांच्या फाटकावर पाटी होती : गाडी विकणे आहे. शेषराव मधुभाऊंच्याच वयाचे, उंच आणि वाकलेले. पाहुणे पाहताच त्यांचा चेहरा उजळला. "या जी, बसा जी." चहा आला, पोहे आले. मग शेडमधल्या निळ्या फियाटवरची ताडपत्री त्यांनी अशी उचलली, जणू झोपलेल्या लेकराचं पांघरूण काढताहेत. बॉनेट उघडलं, डिकी उघडली. शेगावची कथा झाली, चिखलदऱ्याच्या घाटाची झाली. मधुभाऊंनीही त्याच घाटातली आपली सांगितली. किमतीचा विषय मी काढला की शेषराव म्हणत, "ते पाहू ना! आधी जेवून घ्या." झुणका-भाकर झाली, दुपारचा पुन्हा चहा झाला.

मी हात धुवायला आत गेलो, तेव्हा त्यांची सून हळूच म्हणाली, "मामंजी गाडी नाही विकत, भाऊ. आमी दिवसभर वावरात असतो. पाटी पाहून कोनी येते, तेवढाच त्याईचा दिवस जाते."

परतताना मला राहवेना. "भाऊ, ते गाडी विकणार नाहीत."

"मालूम हाय."

"कधी कळलं?"

"ताडपत्री काढली तवाच."

"मग दिवसभर का बसलो आपण?"

मधुभाऊ पुढच्या उसाच्या ट्रॉलीकडे बघत राहिले. "त्यानं एवढं मनापासून दाखोलं. उठून कसं याव? पुढच्या आयतवारी क्लच पाह्याले येतो म्हनून सांगतलं मी."

पुढचा रविवार म्हणजे शर्यतीचा दिवस. मी आठवण दिली. ते नुसतं "हो" म्हणाले.

त्या सकाळी शर्यतीच्या गाड्यांना झेंडा दाखवण्याआधीच आम्ही क्लच पाहायला निघालो होतो. रस्ता एकच. मूर्तिजापूरच्या अलीकडे लाल, काळ्या, हिरव्या गाड्या आम्हाला मागं टाकून सुसाट जाऊ लागल्या. रस्त्याच्या कडेला माणसं उभी होती. त्यांना वाटलं, आम्हीही शर्यतीतलेच. "काका, दाबा! दाबा काका!" बायका टाळ्या वाजवत होत्या. मधुभाऊ लाजले. मग खिडकीतून हात बाहेर काढून गावामागून गाव तो हलवत राहिले. वेग मात्र होता तेवढाच.

बार्शीटाकळीला शेषराव फाटकातच उभे होते. सकाळपासून असावेत. क्लच पाहून झाला, ब्रेक पाहून झाले. निघताना त्यांनी भीत भीत विचारलं, "मंग? घेता काय गाडी?"

"अजून मन पक्कं नाही होऊन राह्यलं," मधुभाऊ म्हणाले. "हॉर्न पाह्याचा राह्यला."

"पाहा, पाहा. पुढच्या खेपेले पाहा." शेषरावांचा जीव भांड्यात पडला.

परतीच्या वाटेवर बडनेरा आल्यावर मधुभाऊ म्हणाले, "सर, आपुन बी फाटकावर पाटी लावाव काय?"

"तुम्हाला विकायचीय?"

"छ्या!"



घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. गल्लीतल्या सगळ्या घरांत उजेड होता, टवलाऱ्यांचं तेवढं अंधारात. मधुभाऊंनी इंजिन बंद केलं. मी उतरलो. ते मात्र स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले.

"चला ना, भाऊ."

"तुमी व्हा पुढं. इंजिन थंडं होऊ द्या जरा."

मी आमच्या फाटकापर्यंत गेलो. आतून फोडणीचा वास येत होता. कडीला हात लावला आणि वळून पाहिलं. मधुभाऊ समोरच्या काचेतून आपल्या बंद दाराकडे बघत होते.

मी परत आलो, गाडीचं दार उघडून त्यांच्या शेजारी बसलो.

"काय राह्यलं, सर?"

"काही नाही. सुमनवहिनी चिखलदऱ्याला आल्या होत्या का हो, त्या घाटात?"

मधुभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मग हलकेच हसले, पाठ सीटला टेकवली आणि अगदी सुरुवातीपासून सांगू लागले.