फ्रिजच्या दारातली बाटली

सकाळी साडेआठला कळस गावातल्या घरात संस्कृतीनं फ्रिज उघडला. दाराच्या कप्प्यातली बाटली गायब! तीन महिने नाकाला रुमाल बांधून, माशांच्या खवल्यांतून काढलेलं कोलॅजन होतं त्यात. कॉलेजचा फ्रिज बंद पडला म्हणून तिनं ते काल घरी आणलं होतं. अकराला बारामतीत बाहेरचे परीक्षक येणार आणि हे द्रावण कोमट केल्यावर घट्ट होतं का, ते बघणार. नाही दाखवलं तर एमएस्सीचं वर्ष गेलं.

बिचारी नवी सून! या घरात फ्रिजचं दार गुरांच्या औषधांचं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

"आई, माझी बाटली?"

"ती तुजी व्हय? आबा घिऊन गेलं की," सासूबाई विजयमाला म्हणाल्या. "औषिद खराब निघालं म्हनून रसूलभाई दुकानदाराशी भांडायला."

"गाईला पाजलं की काय?"

"कसं पाजायचं? व्यालेल्या गाईला गार नगं म्हनून कोमट पान्यात ठिवलं, तर आत पार खरवस झाला!"

म्हणजे घट्ट झालं होतं! संस्कृतीला रडावं की नाचावं कळेना. तेवढ्यात सासरे सावळाराम गाईच्या टॉनिकची नवीकोरी बाटली मिरवत आले.

"रसूलभाई न्हाय न्हाय म्हनत व्हता. घेतलंच बदलून!"

"आणि जुनी कुठंय?"

"त्यानं गटारात फेकली."

"आबा, ते कोलॅजन होतं. शरीरातल्या पेशींना एकत्र धरून ठेवणारं..."

"म्हंजे उसाची मोळी बांधायचं वाढं?"

"हो," ती हुंदका देत म्हणाली.

सावळारामांचा चेहरा पडला. "चल. सायबाला मी सांगतो, चूक माजी हाय."

अकराला बारामतीत परीक्षकांनी सगळं ऐकून घेतलं. "पुरावा काय?"

सावळारामांनी मोबाइल काढला. दुकानदाराला दाखवायला म्हणून विजयमालाबाईंनी व्हिडिओ काढला होता. पातळ औषध, कोमट पाणी, मग उलटी धरलेली बाटली. थेंब पडत नाही. शेजारी त्याच पाण्यात मागच्या महिन्यातलं उरलेलं टॉनिक, जसंच्या तसं पातळ.

परीक्षकांनी तो तीनदा पाहिला. "तुलनेला दुसरी बाटली ठेवायचं कुणी सुचवलं?"

"त्याबिगर दुकानदार ऐकतो व्हय?"

परीक्षकांनी शेरा लिहिला: 'प्रयोग उत्तम. पुढच्या वेळी विद्यार्थिनीनं स्वतः करावा.'

बाहेर आल्यावर संस्कृतीनं सुटकेचा निःश्वास सोडला. सावळाराम मात्र गाडीला किल्ली लावायलाच तयार नव्हते.

"सूनबाई," ते घाम पुसत म्हणाले, "तुजा सायेब सोपा व्हता. आता मला टॉनिकचं पैसं घिऊन रसूलभाईपुढं जायचंय. संगं चल."