विषय : धुराबाबत

मंडळी, हे तुमच्यापैकी कोणी खरं मानणार नाही, हे गोष्ट सुरू करायच्या आधीच सांगून ठेवतो. माणूस अन्नावाचून तीन आठवडे, पाण्यावाचून तीन दिवस आणि हवेवाचून तीन मिनिटं काढू शकतो. परंतु अर्ज केल्यावाचून त्याला एक दिवसही चैन पडत नाही. हे सत्य वाटीखेड्याच्या नागरिकांनी गेल्या हिवाळ्यात सिद्ध केलं.

वाटीखेडा आष्टीच्या पलीकडे आहे. शोधायला जाऊ नका, धुरात दिसत नाही. तीन बाजूंना टेकड्या, चौथ्या बाजूला कापसाचं जिनिंग, आणि वाटीच्या बुडाशी भाजी उरावी तसं मधे गाव. गाव म्हणणंही आता चूकच. दोन वर्षांपूर्वी नगरपंचायत झाली, तेव्हापासून ते शहर आहे. शहर झाल्याबरोबर शहराला जे जे लागतं ते ते आलं : स्वागताची कमान, कमानीवर पुढाऱ्यांचे वाढदिवस, आणि सगळा कचरा एका ठिकाणी नेऊन जाळायची सोय. (पूर्वी लोक आपापल्या दारात जाळत. त्यात शिस्त नव्हती.)

कचऱ्याच्या जोडीला वीटभट्ट्या आहेत. शिवाय कापूस वेचून झाला की वावरात उभी राहते ती पऱ्हाटी; ती उपटायची, ढीग लावायचे आणि काडी लावायची, ही वडिलोपार्जित रीत. हा सगळा धूर सकाळी वर जायला निघतो, टेकडीच्या माथ्यापर्यंत जातो, वरची थंडी पाहून परत येतो आणि दिवाळसणाच्या जावयासारखा होळीपर्यंत हलत नाही. एका शास्त्रीय पाहणीनुसार (पाहणी पानठेल्यावर झाली) शंभरातले ब्याऐंशी लोक खोकतात, अकरा खाकरतात आणि उरलेले सात "हे धुकं आहे" असं म्हणतात. त्या सातांत पाच नगरसेवक आहेत.

रूपराव अकरांतले. त्यांची बायको विमलाबाई ब्याऐंशीतली, आणि त्यांतही पहिल्या नंबरात. डिसेंबरात डॉक्टरने सांगून टाकलं, "काका, एक तं गावातून धूर जाईन, नाईतर काकू जातीन. महिन्याभरात नाई सुधरलं तं त्याईले पोरीकडं, वर्षालीकडं वर्ध्याले पाठवा. कायमचं." रूपरावांनी चाळीस वर्षांत दुसऱ्याच्या हातचा चहा घरात प्यायला नव्हता. बायकोला पाठवण्यापेक्षा धूर पाठवणं त्यांना सोपं वाटलं.

म्हणून 'धूर हटाव नागरी कृती समिती' स्थापन झाली. अध्यक्ष रूपराव, चार उपाध्यक्ष, दोन कार्याध्यक्ष, तीन सल्लागार, एक सचिव. सदस्य एकही नाही, कारण नुसतं सदस्य व्हायला कोणी राजी नव्हतं. पहिली सभा दोन तास चालली. त्यातला दीड तास फलकावर कोणाचा फोटो किती मोठा यात गेला, आणि थंडी वाजायला लागल्यावर जुना टायर पेटवून उरलेले ठराव शेकत शेकत मंजूर झाले.

सचिव कैलासने अर्ज टाइप केला. 'विषय : धुराबाबत. महोदय, धुरामुळे आमचे जगणे अवघड झाले असून सदर धूर तात्काळ हटवण्यात यावा.'

आता आपल्याकडे दोन वावरांच्या मधल्या बांधाला धुरा म्हणतात. धूर डोळ्यांत जातो, धुरा डोक्यात. एका ताटात जेवणारे सख्खे भाऊ धुऱ्यावर आले की पुढची भेट कोर्टात घेतात. अर्ज गेला त्या तहसील कचेरीतले बाबू प्रेमदास यांचाही चुलत भावाशी सोळा वर्षांपासून धुऱ्याचा दावा चालू होता. त्यांनी अर्ज वाचला आणि चष्मा काढून पुसला. "जगणं अवघड झालं म्हणते बापा! होतेच!" असं म्हणून, पोरानं टाइप करताना चूक केली असावी या समजुतीने, त्यांनी लाल शाई घेऊन जिथे जिथे धूर होता तिथे तिथे धुरा केला. (इतक्या मायेने वाचलेला अर्ज त्या कचेरीच्या इतिहासात हा पहिलाच.) धुराचा अर्ज असता तर अजून टेबलाखाली झोपला असता. धुऱ्याचा अर्ज तिसऱ्या दिवशी मोजणीवाल्याला घेऊन गावात हजर झाला.

मोजणीवाले श्रावण साहेब गाडीवरून उतरले. "कोठं आहे धुरा?"

रूपरावांनी 'धूर'च ऐकलं. त्यांनी हात वर करून गोल फिरवला. "हा काय, चौफेर."

"मालक कोण?"

"माहा आहे म्हणून कोणीच कबूल होत नाई, साहेब."

बावीस वर्षांच्या नोकरीत, ज्यावर कोणी हक्क सांगत नाही असा धुरा श्रावण साहेबांनी पाहिला नव्हता. पण आलेला सरकारी माणूस मोजल्यावाचून परत जात नाही. त्यांनी लिहिलं : 'वादातील धुरा हवेत असून सकाळी रुंद व दुपारी अरुंद होतो. पूर्वेस टेकडी, दक्षिणेस टेकडी, पश्चिमेस जिनिंग, उत्तरेस काही दिसले नाही.'

आठवड्याने नोटिसा लागल्या. 'ज्या खातेदारांचा यावर हक्क असेल त्यांनी सोमवारी सकाळी दहा वाजता पंचांसमक्ष आपली वहिवाट प्रत्यक्ष दाखवावी. न दाखवल्यास लगतच्या खातेदाराचे नाव लागेल.'

धूर की धुरा, हे मग कोणी विचारलं नाही. 'लगतच्या खातेदाराचे नाव लागेल' एवढं वाचूनच गावाची झोप उडाली. आज त्याचा धूर आपल्या वावरात घुसला, उद्या त्याचं नांगराचं तास घुसेल! जे लोक पंधरा दिवसांपूर्वी 'आमचा धूर नाहीच' म्हणत होते, तेच 'आजोबाच्या काळापासून आमचाच' म्हणायला लागले. वहिवाट दाखवायची म्हणजे पेटवायचं. ज्यांच्या पऱ्हाट्या संपल्या होत्या त्यांनी थेट आंजीहून मागवल्या. (आंजीच्या आनंदाबाई, समोर बसून हसू नका. दोन ट्रॉल्या तुमच्याच वावरातून गेल्या.) देवकाबाईला तर बोटभर शेती नव्हती, तिने पुढेमागे कामी येईल म्हणून जुनी गादी काढून ठेवली. समितीनेही तातडीने ठराव केला : धूर हटवायचा असेल तर आधी तो आपल्या नावावर पाहिजे, दुसऱ्याच्या मालकीचा धूर आपण हटवणार कसा?

सोमवार उजाडला. म्हणजे, उजाडला असावा. विमलाबाई ओसरीवर बसली होती, नाकाला पदर, पायाशी पिशवी. अकरा वाजता वर्षाली गाडी घेऊन येणार होती.

"अजी, कुठी चालले?"

"पंचनाम्याले. अध्यक्ष आहो मी."

"अन् खिशात काडीपेटी काऊन?"

रूपराव खाली पाहत म्हणाले, "बाजूच्या वावरातल्या तानबानं धुऱ्याले लागून चार ढीग लावले, वर्षालीची माय. मी नाई पेटवलं तं त्याचं नाव चढते. वीस वर्षं झाले त्याच्याशी भांडून राह्यलो."

विमलाबाईला उत्तर द्यायचं होतं, पण आधी खोकला आला. तो संपेपर्यंत रूपराव उभे राहिले.

"माह्यापायी धूर हटवाले निघाले होते ना तुमी?" ती म्हणाली. "पेटवाचं असन तं पेटवा. मंग मले गाडीत बसवाले येऊ नका."

रूपराव वावरात पोचले तेव्हा शिवारात चौऱ्याण्णव ढीग पेटले होते. श्रावण साहेब एक डोळा मिटून, दुसऱ्यातलं पाणी पुसत वहिवाटी लिहीत होते. तानबाचा धूर सगळ्या पंचांसमक्ष धुरा ओलांडून रूपरावांच्या वावरात शिरत होता, आणि तानबा कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे कर्त्या पोराकडे पाहावं तसा पाहत होता.

"काऊन रूपराव, ओली आहे का पऱ्हाटी? माहा इस्तो देऊ काय?"

"दाखवा वहिवाट," श्रावण साहेब म्हणाले. "नाईतर तानबाचं लिहितो."

रूपरावांनी काडीपेटी काढली. काडी काढली. गावाकडे पाहिलं, गाव दिसत नव्हतं, घर दिसत नव्हतं. मग त्यांनी काडी पेटीत परत ठेवली, पेटी खिशात ठेवली, आणि चौघांना ऐकू जाईल असं म्हणाले, "लिहा साहेब. माहा धूर नाई. अन् वीस वर्षांचं ते भांडण पण मिटवा, हा धुराही देऊन टाका तानबाले—"

"थांबा!" माझी गोष्ट मधेच तोडत समोर बसलेली आनंदाबाई ताडकन उठली. "हवेतला धूर मोजला, मानलं मी. त्याच्यावर नाव चढवाले निघाले, तेही मानलं. आमच्या इकडंही निघतीन. पण धुरा सोडला? बायकोपायी? झूठ! साफ झूठ! ज्यानं आजवर कोणापायी धुरा सोडला असन, त्यानं हात वर करा बरं!"

(आपलाही हात खालीच आहे, पाहून घ्यावा.)