आधी दाजीबा, मग गाव

आमच्या गावात कुणाचंही लग्न असो, पहिला घास दाजीबाचा. बुंदीची कढई उतरायच्या आत हा माझा शेजारी आचाऱ्याच्या मागे उभा. "आधी मी खातो. मेलो तर तुमी जेवू नका," असं म्हणून चार लाडू तोंडात टाकायचा. विष चौथ्या लाडवातही असू शकतं, असं त्याचं म्हणणं.

अन्नात कोणीतरी काहीतरी कालवणार, हा त्याचा जन्माचा ध्यास. वसमतहून गुळाची गाडी आली की हा ढेप फोडून चाखणार. पिठल्याच्या वाटेला मात्र कधी गेला नाही. फुकट खायला इतकं भारदस्त निमित्त मी दुसरं पाहिलं नाही. वर ऐकवायचा, "गावासाठी मरायला एक माणूस पायजे का न्हाई?" मरण सोडून सगळं त्याला मानवलं होतं.

अठ्ठेचाळीस साली निजामी मुलखात लूटमार माजली आणि आमचं गाव वऱ्हाडात पळालं. लोकांनी दागिने घेतले, भांडी घेतली. दाजीबानं खांद्यावर बकरी घेतली! आम्ही वाटभर हसलो.

धामधूम निवल्यावर परतलो, तर कुणाच्या घरात दाणा नव्हता. उरलं होतं ते गावाचं पेव, म्हणजे जमिनीखालचं ज्वारीचं कोठार. त्याच्या तोंडावरचं शेणमातीचं लिंपण कोणीतरी फोडलेलं. लुटारूंनी जाता जाता आत विष टाकलं, अशी आवई उठली. लेकरं भुकेनं रडत होती आणि आया जात्याला हात लावत नव्हत्या.

सगळ्यांनी दाजीबाकडे पाहिलं. मीही पाहिलं, अगदी चवीनं. आता हा शेपूट घालणार, याची मला खात्री होती. त्याचा चेहरा उतरलाच.

पाटलांनी तोड काढली. "दाजीबा, तुह्याकडं बकरी हाय ना? घाल तिला मूठभर."

सगळ्यांना पटलं. दाजीबा मात्र उसळला. "तिला काहून? तिनं कुणाच्या लग्नात लाडू खाल्ला का कधी?"

त्यानं ज्वारी दळवून घेतली, भाकरी भाजवली आणि पारावर बसून कोरडीच खाल्ली. मी जवळ जाऊन म्हणालो, "अरे, बकरीच ती."

"बकरीच हाय. पण म्या घरी गेलो की वरडती. दुसरं कोण हाय वरडायला?"

दिवस कलेपर्यंत गाव त्याच्या तोंडाकडे बघत बसलं. तो काही मेला नाही. मग चुली पेटल्या, जो तो आपापल्या भाकरीकडे धावला आणि पारावर दाजीबा एकटाच राहिला. त्याला तसं बघून मी भाकरीकडे न जाता पाराकडे वळलो. मी त्याच्याबरोबर घरापर्यंत गेलो.

कडी काढायच्या आधीच आतून बकरी ओरडली.

"आलो, आलो," दाजीबा म्हणाला. "जिता हाय म्या."