पहिलीच्या दारातला पहारा

"ही मुलगी टिकणार! नाही टिकली तर आरशात तोंड बघणार नाही मी!" असं म्हणून चौथीच्या बाईंनी मुख्याध्यापकांच्या टेबलावर हात आपटला, तेव्हा कपातला निम्मा चहा बशीत आला.

बाईंना सगळी शाळा मागून तोफबाई म्हणायची. समोरून म्हणायची कुणाची छाती नव्हती. राग कायम नाकाच्या शेंड्यावर, आणि यंदा त्याला कारणही तसंच होतं. तीन वर्षांत पहिलीच्या वर्गाला तीन नव्या बाई आल्या आणि तिघीही सहामाहीच्या आत पळाल्या. दर वेळी ती चाळीस पोरं कुठे? तोफबाईंच्या वर्गात! एका बाकावर चौघं, दोघं खिडकीत, आणि ऐन भागाकारात कुणाला तरी शू लागलेली.

आता पहिलीला ही चौथी नवी बाई आली होती. बारीक आवाजाची, कोवळी पोर. शाळा सुरू होऊन दोनच दिवस झाले होते.

"त्या पळतात का ते मला विचारा सर! तुमचं ते मागे बसणं!"

शाळा नव्वद वर्षांची, वस्तीतल्या लोकांनी स्वतः विटा वाहून बांधलेली, आणि मागे बसायची पद्धतही तेवढीच जुनी. नवा शिक्षक आला की पहिला महिनाभर, ज्याचा तास रिकामा असेल त्यानं त्याच्या वर्गात शेवटच्या बाकावर जाऊन बसायचं. आधार म्हणून! तोफबाई नव्या होत्या तेव्हा त्यांच्या मागे बसलेल्या एका बाईंनी पहिल्याच तासाला सत्तावीस चुका लिहून हातात दिल्या होत्या. त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. तोफबाईंना अजून सत्तावीसच्या सत्तावीस पाठ होत्या.

"बरं, मग तुम्हीच बघा," मुख्याध्यापक बशीतला चहा परत कपात ओतत म्हणाले. भांडण्यापेक्षा हो म्हणणं त्यांना स्वस्त पडायचं.

दुसऱ्या दिवशी तोफबाईंनी आपलं टेबल थेट चौथीच्या दारात आणून ठेवलं. समोरच पहिलीचं दार. एक डोळा फळ्यावर, एक डोळा तिकडे.

पहिले सापडले कवायतीचे सर.

"कुठे निघालात?"

"आत. जरा पोरांची रांग कशी लावायची ते..."

"काही गरज नाही! लाज वाटत नाही? चाळीस पोरं सांभाळायची की तुमच्याकडे बघत बसायचं?"

सर आल्या पावली परत गेले. मग ग्रंथालयाच्या ताई चित्रांच्या पुस्तकांचं खोकं घेऊन आल्या. "हे काय चालवलंय? शाळा आहे की बाजार? आजपासून हे सगळं बंद म्हणजे बंद!" ताई खोक्यासकट वळल्या. मागे बसायला म्हणून पलीकडच्या गल्लीतून काठी टेकत आलेल्या, शाळेतूनच निवृत्त झालेल्या एका बाईंनाही त्यांनी सोडलं नाही. "अहो, शिकवता येत नसेल तर घरी बसावं माणसानं! दुसऱ्याला शिकवायला कशाला यायचं?" म्हाताऱ्या बाई काहीतरी पुटपुटल्या आणि काठी आपटत निघून गेल्या.

दोन आठवड्यांत पहिलीच्या दाराशी चिटपाखरू फिरकेना. तोफबाईंचा घसा बसायला आला होता, पण मन कसं भरून पावलं होतं. आत पोर निवांत शिकवत असेल! तिला सांगायला मात्र त्या एकदाही गेल्या नाहीत. उपकार काय बोलून दाखवायचे असतात?

तिसऱ्या सोमवारी मुख्याध्यापकांनी बोलावलं. टेबलावर एक कागद होता.

"चालली ती," ते म्हणाले. "राजीनामा दिलाय."

"कुणी छळलं तिला? नाव सांगा! उभा सोलून काढते त्याला!"

मुख्याध्यापकांनी कागद हळूच पुढे सरकवला.

'पहिले दोन दिवस फार छान गेले,' पोरीनं गोल अक्षरात लिहिलं होतं. 'कवायतीच्या सरांनी रडणाऱ्या मुलांना खेळात कसं घ्यायचं ते दाखवलं. ताईंनी पुस्तकं आणून देते म्हटलं होतं. मग अचानक सगळे यायचे बंद झाले. माझं नक्की काय चुकलं ते कुणीच सांगत नाही. समोरच्या बाई मात्र रोज माझ्या दाराशी ओरडतात. लाज वाटत नाही का, शिकवता येत नसेल तर घरी बसावं, असं म्हणतात. म्हणून मी घरी बसायचं ठरवलं आहे.'

तोफबाईंना सणकून राग आला, पण काढायचा कुणावर तेच कळेना. त्या ताडकन उठल्या आणि पहिलीच्या वर्गात घुसल्या.

"अगं, तुला नाही, मागे बसायला येणाऱ्यांना म्हणत होते मी! तुझ्यासाठी ओरडत होते! तुझ्यासाठी!"

भिंती हादरल्या. पहिल्या बाकावरच्या एकानं भोकाड पसरलं, त्याचं बघून दुसऱ्यानं, आणि मग सगळा वर्गच सुरात लागला.

नव्या बाईंचा चेहरा लालबुंद झाला. "बस्स! माझ्या वर्गात ओरडायचं नाही! खाली बसा!"

आणि तोफबाई चक्क बसल्या. सहा वर्षांच्या पोरांच्या बाकावर, गुडघे हनुवटीला लावून.

"कितीजण येत होते?" आवाज आता बारीक राहिला नव्हता. "सगळ्यांना हाकललंत? अहो, रोज घरी जाऊन रडत होते मी! मला माणसं हवी होती इथे!"

"मी बोलावते परत सगळ्यांना," तोफबाई मान खाली घालून म्हणाल्या. त्यांना खरंच मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. "पण तू तेवढं ते पत्र..."

"आधी मुलांची माफी मागा. मग पत्राचं बघते."

अठ्ठावीस वर्षांत तोफबाईंनी कुणाचीच माफी मागितली नव्हती. त्यांनी घसा खाकरला, जमिनीकडे बघितलं आणि ओठांतल्या ओठांत म्हणाल्या, "चुकलं माझं."

वर्ग शांत झाला. मागच्या बाकावरून दोन वेण्यांची एक मुलगी उठून उभी राहिली.

"बाई, ऐकू नाही आलं. जरा मोठ्यानं बोला ना!"